गिअर पडत नाही

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या माणसाला ‘गाडी काय म्हणतेय?’ असं सहज म्हणूनसुद्धा विचारू नये. नव्या गाडीचा मालक ‘मस्त!’ म्हणून मोकळा होतो आणि गप्पा पेट्रोलच्या भावाकडे वळतात. जुन्या गाडीचा मालक आधी खुर्ची पुढे ओढतो आणि ‘तशी बरी आहे हो’ अशी सुरुवात करतो. या ‘तशी’नंतर आपला चहा निवणार, हे धरूनच चालावं.

आमचे साडू या दुसऱ्या प्रकारातले. आम्ही दोघंही इंग्लंडात, एकमेकांपासून अर्ध्या तासावर. त्यांचा व्यवसाय हिशेबाचा, माझा पाण्याच्या पंपांचा. पण माझ्या पदवीत ‘मेकॅनिकल’ असं लिहिलेलं असल्यामुळे मिक्सरपासून मोटारीपर्यंत जे जे फिरतं आणि फिरायचं अचानक थांबतं, ते सगळं सासरच्या मंडळींनी माझ्या खात्यावर टाकलेलं आहे.

गाडी म्हणजे माझदाची एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, दिवे बेडकासारखे वर येणारी. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. साठच्या दशकातली लोटस एलान आणि तिच्यासारख्या इंग्रजी दोन-सीटर गाड्यांवर जपान्यांचा जीव जडला होता, त्यातून ही जन्मली. फरक एवढाच, की ही पावसातही सुरू व्हायची आणि आदल्या रात्री जिथे उभी केली तिथे तेलाचं थारोळं सोडायची नाही. इंग्रज हरखले. नुसते इंग्रजच नव्हे. २०१६च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. जपानात ती ‘युनॉस रोडस्टर’ म्हणून विकली जायची. तिथेही स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे वापरलेल्या युनॉस बोटीत घालून इंग्लंडात आणायचा एक धंदाच होऊन बसला. साडूंची गाडी तशीच आलेली. आतल्या सूचना जपानीत आहेत, त्यामुळे त्या पाळायचा प्रश्न येत नाही.

दोन सीटची गाडी घेणं मराठी माणसाच्या रक्तात नाही. आपण गाडी बघताना आधी डिकी उघडतो आणि मनातल्या मनात घरातली माणसं मोजतो. सासू-सासरे पुण्याहून आले, तेव्हा सासऱ्यांनी या गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि जावयाला विचारलं, ‘उरलेली कुठाय?’

तर साडूंचा फोन आला. ‘गिअर पडत नाही.’

सिग्नलला गाडी थांबली, की फर्स्ट जाईना. जोर केला तर जायचा, पण फुटपाथवरची माणसं वळून बघतील असा कर्रर्र आवाज करून. रिव्हर्सची तर बातच सोडा. आणि यातली खरी मेख अशी, की काही दिवशी सगळं व्यवस्थित. विशेषतः मी बघायला जायचो त्या दिवशी. जुन्या गाड्यांना पाहुण्यांसमोर कसं वागावं हे फार चांगलं कळतं.

गिअरचं दुखणं सुरू झालं की तज्ज्ञ गोळा व्हायला वेळ लागत नाही. पहिला मान सासऱ्यांचा. ते व्हिडिओ कॉलवर आले. त्यांच्याकडे स्टिअरिंगलाच गिअर असलेली प्रीमियर पद्मिनी होती आणि त्या अनुभवावर त्यांची मोटारविषयक मतं आजही रोखठोक आहेत. ‘क्लचप्लेट गेली,’ ते म्हणाले. ‘तुम्ही हाफ क्लचवर चालवत असणार.’ पुण्यात गाडीला काहीही झालं तरी क्लचप्लेट जाते आणि ती हाफ क्लचवर चालवल्यानेच जाते. साडूंनी कॅमेरा फिरवून इंजिन दाखवलं. सासऱ्यांनी पडद्याजवळ डोळे नेले आणि म्हणाले, ‘दिसतंयच की.’ क्लचप्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये, बंद घरात असते. ती गाडीखाली झोपणाऱ्यालाही दिसत नाही. पण पुण्याहून दिसली.

दुसरे तज्ज्ञ म्हणजे साडूंचे शेजारी. निवृत्त इंग्रज गृहस्थ, हातात कायम चहाचा मग. एकेकाळी त्यांच्याकडे एमजीबी होती. १९६७पर्यंतच्या एमजीबीला फर्स्टला सिंक्रो नव्हता. गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय फर्स्ट टाकला तर ती ओरडायचीच. त्यामुळे गिअर खरखरणं हे त्यांना दुखणं वाटत नाही, संस्कार वाटतात. तरी त्यांनी निदान केलं : गिअरबॉक्स. तो सोडवून पूर्ण खोलायला हवा. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की खोलायला तेच येणार असं वाटलं. ते आले नाहीत. मग मात्र भरून आणला.

महाराष्ट्र मंडळातल्या एका सॉफ्टवेअरवाल्या मित्राने बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवायला सांगितलं, म्हणजे सगळं ‘रीसेट’ होतं. या गाडीच्या क्लचमध्ये कॉम्प्युटर नाही. पाय आहे, तेल आहे आणि रबर आहे. रबराला रीसेट माहीत नाही.

राहता राहिला गॅरेजवाला. त्याने गाडी एक फेरी चालवली आणि नवं क्लच किट सुचवलं. तेही ठीक. पण या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांबलचक ॲल्युमिनियमची फ्रेम आहे, आणि गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे ती आधी सोडवावी लागते. एवढं सोडवतोच आहोत तर मागचं ऑइल सील पण, फ्लायव्हील पण, आणि गिअरबॉक्स पण बघून घेऊ... ‘एवढं करतोच आहोत तर’ या वाक्यावर जगभरातली गॅरेजं चालतात. आमच्याकडची स्वयंपाकघराची दुरुस्तीही याच वाक्यावर बैठकीपर्यंत पोचली होती. आकडा हजार पौंडांच्या वर गेला. साडू हिशेबाचे, ते एकदम शांत झाले.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. जो तो आपल्या ओळखीच्या माणसाला आरोपी करत होता, एवढंच. शिवाय आरडाओरडा गिअरबॉक्स करत होता, म्हणून सगळ्यांच्या माना तिकडेच वळलेल्या. ओरडणारा तोच दोषी, हा हिशेब यंत्राच्या बाबतीत तरी फारसा जुळत नाही.

गिअरबॉक्स का ओरडतो, ते पाहू. मुंबईत धावती लोकल पकडणारा माणूस काय करतो? गाडीच्या बाजूने दोन पावलं पळतो, वेग जुळवतो आणि मग दांडा धरून आत. गिअरबॉक्समधली पितळी सिंक्रो रिंग हेच करते. फिरणाऱ्या गिअरचा आणि शाफ्टचा वेग ती आधी जुळवून घेते, मग दातात दात बसतो. १९२८ साली कॅडिलॅकने ही सोय पहिल्यांदा गाडीत आणली, त्याआधी ड्रायव्हरलाच हे पळणं पायाने आणि कानाने करावं लागे. पण सिंक्रोला हे जमायचं तर इंजिनाची ओढ तोडलेली हवी. ते काम क्लचचं. क्लच पूर्ण सुटला नाही, तर माणूस वेग गाठता गाठता मोटरमन पुन्हा गाडी दामटतो. मग जो आवाज होतो तो पडणाऱ्या माणसाचा; चूक त्याची नसते. आणि बहुतेक जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोच नसतो, म्हणून क्लच जरा धरून राहिला तरी पहिला बोंबलतो तो रिव्हर्स. मला विचाराल तर सगळ्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्ससारखा सच्चा साक्षीदार नाही. क्लच दाबायचा, चार-पाच सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. तरीही कर्रर्र झालं, तर क्लच सुटत नाहीये.

इंजिन बंद ठेवून साडूंना सगळे गिअर टाकायला लावले. पाचही पडले, रिव्हर्सही पडला, बिनतक्रार. म्हणजे दांडा, आतले काटे, सगळे निर्दोष. इंजिन सुरू केलं की मात्र बोंब. सिंक्रो झिजलेला असता तर एखादाच गिअर, बहुधा सेकंड, आणि तोही चालत्या गाडीत कुरकुरला असता. इथे उभ्या गाडीत जो टाकू तो अडत होता.

आता सासऱ्यांची क्लचप्लेट. गुळगुळीत झालेली प्लेट सुटते व्यवस्थित, धरत नाही. म्हणजे दुखणं नेमकं उलटं. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा. इंजिनाचा काटा वर पळाला आणि गाडी तिथेच रेंगाळली, वर जळका वास आला, तर प्लेट गेली. आमच्याकडे दोन्ही काटे हातात हात घालून वर गेले. साडूंनी ही चाचणी परत परत केली. दुसऱ्या वेळेपासून ती चाचणी राहिली नव्हती.

निकाल लावला तो मात्र मेव्हणीने. ती कायम डावीकडच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन. आम्ही चहा पीत स्प्रिंग आणि बेअरिंगवर बोलत होतो. ती म्हणाली, ‘भाऊजी, एक विचारू? हे सिग्नलला पेडल दोन-तीनदा धपाधप मारतात ना, मग पडतो गिअर. एकदाच दाबला की अडतो. ही नवी पद्धत आहे का?’

साडू म्हणाले, ‘मी कुठे मारतो?’

मारत होते. पायाने केव्हाच निदान करून टाकलं होतं, मालकाला कळवलं नव्हतं.

पेडल पंप केल्यावर गिअर पडतो, म्हणजे दोष बहुतेक तेलाच्या वाटेवर. पेडलमागे एक मास्टर सिलिंडर, त्यातून निघालेला पाइप, आणि गिअरबॉक्सच्या कडेला मुठीत मावेल एवढा स्लेव्ह सिलिंडर. पाय दाबला की वरचं तेल खाली ढकललं जातं, खालचा दट्ट्या बाहेर येतो आणि फोर्क ढकलतो. फोर्क बेअरिंगला, बेअरिंग प्रेशरप्लेटला. फोर्कपाशी सगळा मिळून जेमतेम सेंटिमीटरभराचा मामला. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. स्लेव्हच्या रबरी सीलमधून तेल झिरपलं आणि त्या जागी हवा शिरली, की पायाचा अर्धा जोर ती हवा चेपण्यात जातो आणि दट्ट्या निम्माच येतो. क्लच निम्मा सुटतो. धपाधप मारलं, की गळण्याआधी आणखी तेल पोचतं आणि काम भागतं. पंपवाल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या खात्यावर पहिल्यांदाच योग्य काम आलं होतं.

बॉनेट उघडलं. क्लचची तेलाची डबी काड्यापेटीहून थोडी मोठी. तेल खालच्या खुणेच्याही खाली, आणि फिकट पिवळं असायला हवं ते काळंकुट्ट. तो काळेपणा म्हणजे झिजलेलं रबर. हे तेल म्हणजे ब्रेकचंच तेल. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं म्हणतात. ओलाव्याने सिलिंडर आतून गंजतो आणि तो खडबडीतपणा सीलला कातरत बसतो. इंग्लंडात ओलावा कुठून आणायचा, हा प्रश्न कधी पडत नाही.

पेडलखालचा गालिचा चाचपला. कोरडा. म्हणजे मास्टर निदान बाहेर तरी गळत नव्हता. मग गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाणाऱ्यांना मी आमच्याकडे जेवायला बोलावत नाही) आणि पुठ्ठा पसरून खाली सरकलो. स्लेव्हच्या तोंडाशी एक रबरी टोपी असते. पेचकसाने तिची कड अलगद उचलली. एक काळा थेंब आला, कडेला थोडा रेंगाळला आणि मनगटावर पडला. मग दुसरा. कर्रर्र नाही, खरखर नाही. इतके दिवस गिअरबॉक्सवर खटला चालू होता आणि हा गडी खाली टोपीआड तोंड लपवून मुळुमुळु गळत बसला होता.

नवा स्लेव्ह तीसेक पौंडांत आला. बसवायला दोन बोल्ट आणि एक पाइपाचा नट, तोही गंजलेला, म्हणून आटे सांभाळत. खरं काम पुढे : एअर काढणं. त्याला दोन माणसं लागतात. वरचा पेडल दाबून धरतो, खालचा निपल उघडतो, बुडबुडे बाहेर, निपल बंद, मग वरच्याने पाय सोडायचा. निपल उघडा असताना पाय सुटला की हवा परत आत. म्हणजे यात कौशल्य शून्य, पण संवाद शंभर टक्के हवा. साडू आणि मेव्हणी यांच्यात हा प्रयोग सुरू झाला तेव्हा दहा मिनिटांत हवा निघण्याऐवजी वाढली. शेवटी साडूंना डबीतलं तेल बघायला उभं केलं, रंगावर एक थेंबही सांडू नका असं बजावून, कारण हे तेल रंग खातं. मी खाली, निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत. मेव्हणी सीटवर. तिच्या कानाला फोन, पलीकडे सासूबाई.

‘दाब.’

‘दाबला. हं आई, बोल.’

‘धरून ठेव. सोडू नकोस!’

‘नाही सोडत. अगं काही नाही, भाऊजी ओरडतायत.’

‘अजिबात सोडू नकोस!’

‘भाऊजी ना? गाडीखाली आहेत.’

यापुढचं पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण ‘अगं बाई!’ मात्र फोनमधून थेट गॅरेजच्या फरशीपर्यंत आलं. त्यानंतरचे बुडबुडे आम्ही शांतपणे काढले. तोवर पुण्यात थोरले जावई गाडीखाली सापडल्याची बातमी जिन्याने दोन मजले खाली उतरली होती. माझ्या हिला कचेरीत फोन गेला. तिने ‘मुद्दाम गेलेत का?’ असं विचारल्याचं नंतर कळलं.

नळीतून नुसतं स्वच्छ तेल यायला लागलं. पेडल पायाला भरीव लागलं. साडूंनी इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. आवाज नाही. फर्स्ट, सेकंड, पुन्हा रिव्हर्स. शेजारी मग घेऊन कुंपणापाशी आले होते. गिअरबॉक्स न उघडताच गाडी बरी झालेली पाहून त्यांना वाईट वाटल्याचं स्पष्ट दिसलं. सासऱ्यांनी आधी माझी हाडं शाबूत असल्याची खात्री करून घेतली, मग धाकट्या जावयाला विचारलं, ‘बदलली ना क्लचप्लेट?’

‘हो बाबा,’ साडू म्हणाले.

काही खोटं बोलणं आवश्यक देखभालीत मोडतं.

स्लेव्ह बदलला की मास्टरही बदलून टाकावा, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. दोघं एका वयाचे. खालच्याचं सील नवं झालं की वरचं जुनं फार काळ टिकत नाही, असा या गाडीवाल्यांचा अनुभव. पण साडूंनी हजार वाचवले होते आणि वाचलेल्या हजारातले पन्नास खर्च करणं त्यांच्या शास्त्रात बसेना. नाताळाच्या आधी पेडलखालचा गालिचा ओला झाला. पुन्हा पुठ्ठा, पुन्हा बाटली. मेव्हणीने या वेळी फोन घरात ठेवला होता.

आता क्लच ठणठणीत आहे. तरी साडू खुशीत नाहीत. सकाळी गाडी गार असताना सेकंड जरा अडखळत पडतो. तो या गाड्यांचा नव्या असल्यापासूनचा स्वभाव आहे. गार तेल घट्ट असतं, सिंक्रोला वेळ लागतो, मैल-दोन मैल घाई करू नये, संपलं. पण ‘हिला काही झालेलं नाही’ हे वाक्य जुन्या गाडीच्या मालकाला सगळ्यात जास्त लागतं. गेल्या रविवारी गेलो तर फळीवर गिअर ऑइलचे तीन वेगवेगळे डबे. काही जीएल-५ तेलांतली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत, म्हणून एक जीएल-४. एक अमेरिकेहून मागवलेलं. आणि तिसरं फक्त दांड्याच्या बुडाशी जी छोटी स्वतंत्र तेलाची विहीर असते, तिच्यासाठी. ती सुकली की दांडा जड होतो, हे खरं आहे. त्यांची सुकलेली नव्हती.

‘भाऊजी,’ मेव्हणी दारातून म्हणाली, ‘याला पेडल दाबावं लागतं का?’

‘नाही. तेल बदलायला एकटा माणूस पुरतो.’

‘मग बदलू दे,’ ती म्हणाली आणि टीव्ही लावायला आत गेली.